दोन किलोंचे खोटे

मित्रांनो, शाळेच्या मागच्या जिन्याखाली, बादल्या आणि झाडूंच्या शेजारी जो काळा, कमरेइतका उंच वजनकाटा उभा आहे ना, तो मी. तुम्ही रोज माझ्याजवळून जाता. कोणी जाता जाता माझ्या फळीवर पाय देतो, तबकडीतली सुई थरथरताना पाहतो आणि पळून जातो. ती सुई फक्त वजनानेच हलते असे तुम्हाला वाटत असेल. पण माझा स्वभावच अस्वस्थ आहे. कोणी आले की मी हलतो, कोणी गेले की हलतो, आणि बराच वेळ कोणी आलेच नाही तर वाट पाहून आतल्या आत हलतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. फळीखाली चार कोपऱ्यांना चार टेकू, त्यांच्यावर दोन तरफा, आणि तबकडीमागे एक मजबूत स्प्रिंग, एवढाच माझा संसार. मला बनवणारा मिस्त्री मोठ्या चिकाटीचा माणूस होता. तो वजन फळीच्या मधोमध ठेवून थांबायचा नाही. चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवायचा आणि सुई सगळीकडे एकच आकडा दाखवते की नाही ते डोळे बारीक करून पाहायचा. समाधान होईपर्यंत त्याने मला तीन वेळा उघडले आणि तीन वेळा जोडले.

तिथून मी रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेलो. वीस वर्षे मी पेट्या, गाठोडी, सायकली, कोंबड्यांच्या पाट्या, एकदा तर कोणाची तरी पेटीत बंद केलेली सतार तोलली. दर वर्षी वजनमापे खात्याचा निरीक्षक यायचा, मला तपासायचा आणि शिशाच्या सीलवर शिक्का मारायचा. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगायची. पुढे लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि मला या शाळेने नेले. वर्षातून एकदा डॉक्टर येत, मुले रांगेने माझ्यावर चढत. जाड मुले श्वास रोखून धरत, जणू त्यामुळे मी फसणार होतो. मी कोणालाही सवलत दिली नाही. खरे सांगणे याखेरीज मला दुसरे काही येतच नव्हते.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या भिंतींची डागडुजी निघाली. गवंड्यांना कोरडी जागा हवी होती. त्यांनी सिमेंटची सहा पोती माझ्या फळीवर रचली आणि ते कामाला लागले. दीड महिना मी ते ओझे पाठीवर घेऊन उभा होतो. पोती उचलली तेव्हा माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्याचा टेकू दबून गेलेला होता. शिपाईकाकांनी मला ओल्या फडक्याने पुसले. सुई शून्याच्या जरा पुढे सरकलेली दिसली म्हणून खालचा स्क्रू फिरवून तिला शून्यावर आणले आणि म्हणाले, "झाला नवा."

मित्रांनो, मी नवा झालेलो नव्हतो. हलके वजन ठेवले तर मी अजूनही खरे सांगत होतो. पण वजन वाढले की फळी मागच्या कोपऱ्यात खचायची आणि लोखंडी चौकटीला टेकायची. मग थोडे ओझे ती चौकटच परस्पर उचलून घ्यायची आणि माझ्यापर्यंत ते पोहोचायचेच नाही. सुई आपली थांबायची, दोन किलो अलीकडे. ती खोटे बोलते आहे हे मला कळत होते. पण माझ्याजवळ सांगायला दुसरे तोंड नव्हते.

नेमक्या त्याच वर्षी इतिहासाच्या बाईंनी मला जिन्याखालून बाहेर काढले.

या बाई दर दोन वर्षांनी नववीच्या मुलांची सहल इटलीला नेत असत. मागच्या खेपेला विमानतळावर फजिती झाली होती. एका मुलामागे पंधरा किलोंची मर्यादा, आणि निम्म्या बॅगा जास्त भरल्या. मुलांनी सगळ्यांसमोर फरशीवर बॅगा उघडल्या, एकमेकांचे मोजे एकमेकांच्या पिशव्यांत कोंबले, दोघीजणी रडू लागल्या, आणि विमान थोडक्यात चुकायचे राहिले. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावून शांतपणे सांगितले होते की पुन्हा असा गोंधळ झाला तर ती सहल शेवटची. त्यामुळे या खेपेला बाईंनी कंबर कसली होती. निघायच्या दोन महिने आधीपासून दर शनिवारी सकाळी व्यायामशाळेत बावीस मुलांची तयारी सुरू झाली, आणि त्या तयारीत मी मधोमध उभा होतो.

काय काय चालायचे तिथे! मुलांनी भरलेली बॅग हातात उचलून तीन जिने चढायचे आणि उतरायचे, कारण रोममधल्या मुक्कामाला लिफ्ट नव्हती आणि दगडी फरसबंदीवर चाके चालत नाहीत. बाईंनी भिंतीवर एका जुन्या चित्राचा मोठा फोटो लावला होता. त्याच्यासमोर दहा मिनिटे न बोलता उभे राहायचे. चौथ्या मिनिटाला मुलांची चुळबुळ सुरू व्हायची आणि बाई घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. कवायतीचे सर खिसेकापू व्हायचे. ते इतक्या सराईतपणे पाकिटे काढायचे की मुले त्यांच्याकडे संशयाने पाहू लागली. हरवल्यास म्हणायचे इटालियन वाक्य सगळ्यांनी घोकले होते. मुलांनी 'मी सोनो पेर्सो' म्हणायचे, मुलींनी 'मी सोनो पेर्सा'. घाईत अर्धी मुले मुली होऊन हरवायची.

आणि शेवटी बॅगा माझ्यावर यायच्या. बाई वहीत आकडा लिहायच्या. "साडेतेरा. अजून दीड किलोला जागा आहे," त्या म्हणायच्या, आणि तो मुलगा खूश होऊन पुढच्या शनिवारी दीड किलो वाढवून आणायचा. माझ्या जिवाची नुसती उलघाल व्हायची. मी सुईला पुढे रेटायचा प्रयत्न केला. पण सुईला रेटते ते ओझे, काट्याची इच्छा नाही.

त्या बावीस मुलांत एक किडकिडीत, कमी बोलणारी मुलगी होती. तिच्या वडिलांचे शाळेमागच्या रस्त्यावर किराणा दुकान होते, एका बाजूला चांभार आणि दुसऱ्या बाजूला औषधवाला. लहानपणापासून ती शाळा सुटल्यावर दुकानात बसून साखरेच्या आणि तांदळाच्या पुड्या बांधत आली होती. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. या वकिलाने सहावीत असताना सगळ्यांसमोर तिला विचारले होते, "तुझे बाबा काटा मारतात ना?" काटा मारणे म्हणजे मापात फसवणे. वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून तिचे नाव पडले काटामार. नाव ठेवणारे विसरून गेले होते, नाव तेवढे राहिले होते. ती दुकानाचा विषय कधी काढत नसे.

दुसऱ्या शनिवारी तिने मैत्रिणीची बॅग माझ्यावर चढवली. सुई साडेतेरावर थांबली. मुलीचे हात बॅगेच्या कडीवरच राहिले. तिने बॅग पुन्हा उचलली, जरा हवेत धरली, परत ठेवली. तिच्या कपाळावर आठी पडली. मला वाटले, आता ही बोलणार. माझी सुई इतकी थरथरू लागली की बाई म्हणाल्या, "बॅग हलवू नकोस." मुलीने हात काढून घेतला. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या शनिवारीही नाही. ती येता-जाता बॅगा उचलून पाहायची आणि माझ्याकडे बघायची. आपल्या वर्गासमोर काटा, वजन, माप असले शब्द उच्चारायचे तिच्या जिवावर आले होते, हे मला समजत होते. आम्ही दोघेही एकच गोष्ट जाणत होतो आणि दोघेही मुके होतो.

सातव्या शनिवारी तिला राहवले नाही. बाईंच्या जवळ जाऊन ती हळूच म्हणाली की हा काटा कमी दाखवतो आहे. तिने हळू सांगितले होते, पण व्यायामशाळेत आवाज घुमतो. बाईंच्या हातात त्या वेळी तीन कामे होती. त्यांनी शिक्षकांच्या खोलीतून साखरेची एक किलोची बंद पिशवी मागवली आणि माझ्यावर ठेवली. सुई सुतासारखी एक किलोवर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, त्या क्षणाइतकी माझी स्वतःची चीड मला कधी आली नाही. मी खरे सांगितले होते, आणि त्या खऱ्यानेच ती मुलगी खोटी पडली.

मागून वकिलाचा आवाज आला, "तिला कसं पटेल? त्यांच्या दुकानात एक किलो वेगळा असतो." हशा पिकला. बाईंनी त्याला दटावले, पण मुलीलाही म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीत शंका काढत बसू नकोस. आपल्याकडे तेवढा वेळ नाही." मुलीचा चेहरा पडला. ती आपल्या बॅगेजवळ जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिली.

पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. बाईंनी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबून दाराकडे पाहिले आणि पुढचे नाव घेतले. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक बॅग माझ्या सुईने चौदा ते पंधराच्या दरम्यान दाखवली. सगळे खूश होते. फक्त मला ठाऊक होते की यातली प्रत्येक बॅग विमानतळावर उघडावी लागणार आहे. त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. वाऱ्याने दार आपटले तरी माझी सुई दचकायची.

निघायला चार दिवस उरले होते. शेवटच्या शनिवारी बाई याद्या वाचत असताना दारात मुलीचे वडील येऊन उभे राहिले. अंगावर दुकानातलाच सदरा, बाहीला पीठ लागलेले. हातात एक जाड कापडी पिशवी होती आणि तिच्या ओझ्याने त्यांचा एक खांदा खाली झुकला होता. त्यांच्यामागे मुलगी, मान खाली घातलेली.

ते आत आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, मुलगी इटलीला जायचं नाही म्हणते. चार दिवस कारण सांगेना. काल बोलली. काटा चुकतोय म्हणते, आणि मी खोटी ठरले म्हणते. आता काटा खोटा की पोरगी खोटी, तेवढं तुमच्यासमोर बघून घेऊ. पोरगी खोटी निघाली तर मी तिला घेऊन जातो."

पिशवीतून त्यांनी पाच-पाच किलोंची तीन लोखंडी वजने काढली. तळाशी सरकारी शिक्का होता. तो त्यांनी आधी बाईंना दाखवला, मग मुलांना. कोणी हसले नाही.

पहिले वजन त्यांनी फळीच्या मधोमध ठेवले. सुई पाचवर गेली. वकिलाने शेजाऱ्याला कोपराने ढोसले. दुसरे वजन ठेवले. सुई सावकाश वर चढली आणि साडेनऊच्या आसपास अडखळली. बाई पुढे वाकल्या. तिसरे वजन ठेवताना दुकानदारांचा हात जरा थांबला, मग त्यांनी ते ठेवले. माझा मागचा कोपरा खचला, चौकटीला टेकला, आणि सुई तेरावर येऊन थांबली.

त्या चित्रासमोर उभे राहूनही कधी पसरली नव्हती इतकी शांतता व्यायामशाळेत पसरली.

बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी माझ्या फळीखाली हात घातला, तो दबलेला कोपरा चाचपला आणि हाताला गंज लागलेला पाहिला. मग त्या उठल्या, मुलीसमोर गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी एक किलोची पिशवी ठेवून निकाल दिला आणि तुला गप्प बसवलं. चुकलं माझं."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, "बाई, एक किलोला तो बरोबरच होता."

माझी बाजू घेणारे हे पहिले वाक्य माझ्या आयुष्यात मी ऐकले, आणि ते माझ्यामुळे जी खोटी पडली होती तिने उच्चारले होते.

नंतर दुकानदारांनीच मार्ग काढला. त्यांच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. बाईंनी टाळी वाजवली, मुलांनी बॅगा उचलल्या आणि जोड्या-जोड्यांनी बावीस जण रस्त्याने दुकानाकडे निघाले. दोन महिने ज्या चालण्याचा सराव चालला होता ते चालणे खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाले. मी मात्र रिकाम्या व्यायामशाळेत उभा राहिलो. पुढचे मला शिपाईकाकांच्या तोंडून कळले, ते झाडणाऱ्या मावशींना सांगत होते तेव्हा.

चांभाराने हातोडी खाली ठेवून मिरवणूक पाहिली म्हणे. मुले दुकानाच्या पायरीवर रांगेने उभी राहिली आणि काट्याजवळ मुलगी उभी राहिली. एकेक आकडा ती बोलत होती, सोळा, साडेसोळा, सतरा, आणि एकेकाचा चेहरा उतरत होता. बॅगा तिथेच फुटपाथवर उघडल्या गेल्या. केस वाळवायची दोन यंत्रे बाहेर आली, एक बुद्धिबळाचा पट, चार चार जोड बूट, एका धीट मुलाच्या बॅगेतून कापसाचा लठ्ठ ससा. तो त्याने घाईघाईने पाठीमागे लपवला. वकिलाची बॅग पंधराच्या वर अर्धा किलो भरली. तो कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "अर्धा किलो चालून जाईल ना?"

"नाही," मुलगी म्हणाली.

तो काही वाद घालेल म्हणून सगळे थांबले. त्याने बॅग उघडली आणि एक जाड जाकीट काढले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बाबांचा काटा कडक आहे." शिपाईकाका म्हणत होते की दुकानदार ते ऐकून मागे वळले आणि उगीचच बरण्या पुसू लागले.

बुधवारी पहाटे बस आली आणि गेली. मुलगी गेली की नाही हे मला दिसले नाही. नऊ दिवस शाळा भरत होती, घंटा होत होती, आणि मी पुन्हा जिन्याखाली बादल्यांच्या शेजारी जाऊन पडलो होतो. विमानतळावर काय झाले असेल? एखादी बॅग राहून तर गेली नसेल? दुकानाचा काटा तरी बरोबर असेल ना? मी दुसऱ्या काट्यावर संशय घेऊ लागलो होतो. जिन्यावरून कोणी उतरले की कान देऊन ऐकायचो, पण बोलणी वेगळीच असायची.

दहाव्या दिवशी बाई आणि मुख्याध्यापक माझ्या डोक्यावरच्या पायऱ्यांवर उभे राहून बोलले. बाईंचा आवाज बसला होता, पण त्या हसत होत्या. बावीसच्या बावीस बॅगा एका फटक्यात पास झाल्या होत्या. एकच बॅग जास्त भरली, ती स्वतः बाईंची. औषधांचा डबा, बावीस जणांच्या कागदांच्या जाड फायली, सुई-दोरा, जादा छत्री. मुलांच्या बॅगांमागे धावताना स्वतःची तोलायची त्या विसरूनच गेल्या होत्या. काउंटरसमोर त्यांनी बॅग उघडली. मग ती किराणा दुकानदाराची मुलगी पुढे आली. तिने औषधांचा डबा उचलून आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकला. तिच्यामागून दुसरी आली, तिने फाइल घेतली. कोणी चपला घेतल्या, कोणी पुस्तक. दोन मिनिटांत बाईंची बॅग निम्मी झाली, आणि कोणी गडबड केली नाही. छत्री वकिलाने घेतली. ती त्याने रोमपासून फ्लॉरेन्सपर्यंत काखेत धरून मिरवली आणि पाऊस एकदाही आला नाही.

मुख्याध्यापकांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "पुढची सहल कधी काढायची म्हणता?"

त्यानंतर बाईंनी मिस्त्री बोलावला. त्याने माझा टेकू बदलला, तरफा गंजातून मोकळ्या केल्या आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहिले. आता मी बरोबर सांगतो. पण मित्रांनो, माझी अस्वस्थता गेलेली नाही, आणि जावी असेही मला वाटत नाही. काटा स्वस्थ बसला की समजावे, तो गंजायला लागला. मला चकचकीत पुसा किंवा पुसू नका. माझ्यावर पोती रचू नका, उड्या मारू नका, एवढे मात्र कराच. आणि माझा आकडा डोळे मिटून मानू नका. एखादा संकोचत पुढे येऊन 'हे चुकतंय' म्हणाला, तर त्याला एक किलोची पिशवी दाखवून परत पाठवू नका. पूर्ण ओझे ठेवून पाहा.

परवा पहिलीच्या मुलांची तपासणी होती. ती मुलगी आता दहावीत आहे, डॉक्टरांच्या मदतीला तिला बसवले होते. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी माझ्यासमोर येऊन थांबली, चढेना. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "ताई, हा खरं सांगतो का?"

रांगेतली मुले हसली. मुलगी हसली नाही. तिने हातातली वही बाजूला ठेवली.

"विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "थांब, आपण बघू."